हौसाबाईंचे ठोके

हौसाबाई सूर्यवंशी मला सापडल्या, त्या दुपारी मी ऑफिसात खुर्चीवर उभी राहून ओरडले होते. आमच्या मजल्यावर कुणी शिंकलं तरी लोक मान वर करून बघतात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाय वर घेतले आणि विचारलं, "पाल?"

"पाल नाही हो! बाई! अख्ख्या महाराष्ट्रात एकच अशी बाई आहे आणि ती आपल्याला सापडलीय!"

मी केतकी पेंडसे. मालिका दाखवणारी 'ओसरी' ही सेवा तुमच्या घरी असेलच. २०३९ सालात ती कुणाकडे नाही? त्या ओसरीचं 'पारखी' नावाचं यंत्र आहे, ते तुम्ही कोणती मालिका बघावी हे सुचवतं. त्या यंत्राला शिकवायचं काम माझं. हल्ली मालिका कुणी शोधत नाही. टीव्ही लावला की पारखी एकच नाव पुढे करतं, त्याखाली आकडा असतो, ९६ टक्के, ९८ टक्के, आणि ती मालिका तुम्हाला आवडतेच. पहिल्या वर्षी लोक चकित झाले होते. आता नळाला पाणी आल्यासारखं कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्यामागचं गणित तसं सोपं आहे. समजा, एका कागदावर उभी रेघ विनोदाची आणि आडवी रेघ भीतीची. तुम्हाला विनोद किती झेपतो आणि भीती किती, यावरून तुमचा एक ठिपका पडतो. तुमच्या ठिपक्याशेजारी ज्यांचे ठिपके, त्यांना जे आवडलं ते तुम्हालाही आवडणार. फक्त पारखीच्या कागदावर अशा रेघा दोन नाहीत, नऊशे आहेत. ठिपका कुठे पडला हे आम्ही तुम्हाला विचारत नाही, कारण माणूस आपल्या आवडीबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतो. टीव्हीच्या चौकटीत एक बारीक चकती असते. ती खोलीत रेडिओलहरी सोडते, त्या तुमच्या छातीवर आपटून परत येतात, आणि छातीच्या केसाएवढ्या हालचालीवरून हृदयाचे ठोके मोजता येतात. तुम्ही 'मान्य' या चौकोनावर बोट ठेवलेलं असतं. सगळेच ठेवतात, वाचत कुणीच नाही.

तर हौसाबाई. त्यांचा ठिपका नऊशे रेघांच्या त्या पसाऱ्यात एकटाच, अगदी मधोमध होता. आजूबाजूला शेजारी कुणी नाही. 'तेरावा खांब' ही विजेच्या खांबांवर चढणाऱ्या एका लाइनमनची मालिका पारखीनं कुणालाही सुचवली नव्हती. ती पडणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. हौसाबाईंनी ती पहिल्या आठवड्यात पाहिली आणि त्यांचे ठोके असे काही उसळले, की मी यंत्र बिघडलं म्हणून तक्रार नोंदवली. सात आठवड्यांनी अख्खा महाराष्ट्र 'तेरावा खांब' बघत होता. मग मी मागचं सगळं उकरून काढलं. अकरा मालिका. अकराच्या अकरा वेळा हौसाबाईंना जे आज आवडलं, ते सात आठवड्यांनी सगळ्यांना आवडलं होतं!

काही गोष्टी खटकत होत्या, नाही असं नाही. बाई रोज आठ-नऊ तास बघायच्या. दर अमावास्येला गैरहजर असायच्या. त्यांची नजर पडद्यावर असल्याची नोंद कधीच नसायची. मी म्हटलं, असतात एकेकाच्या सवयी. शोध लागल्याचा आनंद झाला की माणसाला खटकणाऱ्या गोष्टी गोड वाटायला लागतात.

आमचे साहेब विश्राम टिपणीस हसत नाहीत. त्या दिवशी हसले. "केतकी, यापुढे प्रत्येक मालिकेचे पहिले भाग आधी या बाईंना दाखवायचे. त्यांनी पसंत केली तरच पुढे बनवायची. पारखीचा नवा विभाग काढू, तो तू बघ. फक्त जाऊन त्यांची सही घेऊन ये आणि नवी, जास्त बारीक चकती बसवून ये."

विभाग! माझा! मी नाचत घरी गेले.

घरी आई होती. तिच्या खोलीत तिचा टीव्ही, माझ्या खोलीत माझा. तिला टपाल खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तिच्या मालिकेखाली ९७, माझ्या मालिकेखाली ९८. दोघी अगदी समाधानी. मी दारातून म्हटलं, "आई, आज काय झालं माहितेय?"

"हा भाग संपू दे गं, वीस मिनिटं राहिलीत," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी तिचा भाग संपला तेव्हा माझा सुरू झाला होता. आम्ही दोघींनी मिळून काही बघितल्याला दोन वर्षं झाली होती. एकदा गंमत म्हणून मी पारखीला विचारलं होतं, आम्हा दोघींना काय सुचवशील? त्यानं लिहिलं, 'सामाईक आवड : शून्य.' माझंच यंत्र ते. मी त्याच्या अचूकपणाचं कौतुक केलं होतं.

पत्ता तासगावच्या पुढचा होता. द्राक्षांच्या बागा संपल्या, आणि पत्र्याच्या लांबच लांब शेडसमोर गाडी थांबली. आत बेदाण्याचा गोड, आंबूस वास भरला होता. मोठ्या टेबलांवर हिरव्या-पिवळ्या बेदाण्यांच्या राशी, आणि त्यांच्याभोवती बसून काड्या आणि काळे दाणे वेचून काढणाऱ्या बायका. हात भराभर चाललेले, माना खाली. भिंतीवर जुना टीव्ही मोठ्यानं चालू होता. एकीचंही लक्ष पडद्याकडे नव्हतं आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते.

"हौसाबाई सूर्यवंशी कुठं भेटतील?" मी विचारलं.

टीव्ही बंद झाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांची मुकादम, साठीची, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली अक्काताई, उठून पुढे आली.

"कोन म्हनायचं तुमी?"

"मी ओसरीकडून आलेय. पुण्याहून. त्यांची सही हवी होती."

"सही आता कुठली घेता ताई," अक्काताई म्हणाली. "हौसाक्काला जाऊन तीन वर्सं झाली."

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ते खरंच होतं. कारण आदल्या दिवशी दुपारी सव्वातीनला हौसाबाईंचे ठोके मी स्वतः पाहिले होते. मिनिटाला एकशे चार.

"मग हा टीव्ही?"

"तिचाच की. मरायच्या आदी हितं आनून लावला. म्हनली, घरात एकटी काय बघू, तिकडं सगळ्या हायेत. अमावास्येला शेडला सुट्टी, तेवडा एक दिस त्यो बंद. ते खातं बी तिच्याच नावावर. आमी नाव काढलं न्हाई. काढवंना." तिनं पदरानं टीव्हीवरची धूळ पुसली. "गुन्हा हाय का वं त्यो?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या शाहीन नावाच्या पोरीपासून मी बायका मोजल्या. बावीस.

आणि त्या आंबूस वासात उभ्या उभ्या मला सगळं उमगलं, आणि दुसऱ्यांदा ओरडावंसं वाटलं. आमची चकती एका माणसासाठी बनवलेली आहे. तिच्यासमोर बावीस हृदयं आपापल्या चालीनं धडधडत असली की तिला नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि गोंगाट ती पुसून टाकते. पण गोष्ट ऐन रंगात आली की सगळ्यांची हृदयं एकदम, एका चालीत धावतात. हे शास्त्राला ठाऊक आहे. एकच गोष्ट मन लावून ऐकणाऱ्यांचे ठोके जुळतात. तेवढाच क्षण चकतीला स्वच्छ दिसायचा. म्हणजे तीन वर्षं पारखी फक्त तेच टिपत होतं, जे एकोणीस वर्षांच्या शाहीनपासून साठीच्या अक्काताईपर्यंत बाविसांनाही एकाच वेळी भिडलं. मग ते महाराष्ट्राला भिडलं नसतं तरच नवल!

"पण बावीस जणी एक मालिका ठरवता कशा?" मी विचारलं. "भांडणं नाही होत?"

"हुत्यात की!" तिघीचौघी एकदम म्हणाल्या.

मग शाहीननं मला त्यांचा कायदा सांगितला. सकाळी आल्या आल्या अक्काताई विचारते, काल घरात कुणाला जास्त त्रास झाला? ज्या बाईचा दिवस सगळ्यांत वाईट गेला, तिनं त्या दिवशीची मालिका लावायची. बाकीच्यांनी दोन भाग गप ऐकायचे. मग वाटी फिरते. आवडली तर तिच्यात हिरवा दाणा टाकायचा, नाही आवडली तर काळा. काळे जास्त झाले की मालिका बंद.

"आणि पारखी जे सुचवतं ते?"

"त्ये आमी बगतच न्हाई," शाहीन म्हणाली. "त्याला काय ठावं, काल कुनाच्या घरात काय झालं?"

मी सहीचा कागद पिशवीत ठेवला. ओसरीचा नियम साफ होता : एक खातं, एक माणूस. नवी चकती बसवली की ती पहिल्या दिवशीच बावीस माणसं मोजणार आणि खातं आपोआप बंद होणार. अक्काताईनं माझा चेहरा वाचला असावा.

"बंद करनार व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"मी करते अंगठा!" शाहीन म्हणाली. "मी हुते हौसाक्का. त्यात काय!"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते पटलं. एक अंगठा, जुनीच चकती, आणि विभाग माझा. पण हौसाबाई मेलेल्या असताना त्यांच्या नावानं मी आयुष्यभर शोधाची शेखी मिरवायची? मी शेडबाहेर जाऊन टिपणीस साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझा शोध खोटा आहे," ते म्हणाले.

"खोटा नाही सर, आपण समजलो त्यापेक्षा मोठा आहे! आवड एका माणसात नसतेच. ती—"

"केतकी, भाषण नको. बावीस जणींना कानात घालायची यंत्रं दे. प्रत्येकीला पारखी तिची तिची मालिका ऐकवेल, प्रत्येकीचे ठोके वेगळे मोजेल. आठ दिवस. नव्या दोन मालिका सगळ्यांना ऐकव. त्यांची सरासरी हौसाबाईंइतकीच अचूक निघाली, तर मला शेड नको आणि ते खातंही नको. नियमाप्रमाणे बंद."

बावीस कानांत ती यंत्रं मी माझ्या हातानं बसवली. बायका खूश होत्या, हे आधीच सांगते. प्रत्येकीच्या कानात तिच्या मनासारखी गोष्ट! शालनला देवादिकांची, शाहीनला खुनांची. ९५, ९७, ९९. माझंच यंत्र आणि काय फक्कड चाललं होतं! शेडमध्ये पहिल्यांदाच शांतता झाली. हात आणखी भरभर चालायला लागले. अक्काताईनं टीव्हीवर चादर टाकली. मी पुण्याला परतले.

सातव्या दिवशी ऑफिसात बेदाण्याचं एक खोकं आलं. उघडलं तर आत बावीस कानयंत्रं. वर वहीच्या कागदावर चिठ्ठी : 'ही आमाला नकोत. अक्काताई.' मी अक्काताईला फोन केला.

"झालं काय?"

"सरूची शेळी मेली," अक्काताई म्हणाली.

"काय?"

"सरूची गाभन शेळी मेली सोमवारी. आमाला बुदवारी कळलं. दोन दिस ती बाई हितं आमच्यात बसून बेदानं निवडत हुती, आन् आमच्यातल्या एकीनं तिला इचारलं न्हाई. कशी इचारनार? ज्येच्या त्येच्या कानात आपापली गोष्ट. ताई, गोष्ट लई ग्वाड हुती, न्हाई म्हनत न्हाई. पर मला माजीच लाज वाटली. मग आमी चादर काडली. सरूनं जे लावलं ते ऐकलं."

"काय लावलं?"

"त्येच, तुमी तपासायला दिल्यालं. मोटारीचं."

मी फोन तसाच धरून जुन्या चकतीची नोंद उघडली. बुधवार, दुपार. 'पाच एचपी'. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका विधवेची मालिका. पडद्यावर ती बाई पहिली मोटार सुरू करते आणि पाइपातून पाणी येत नाही, येत नाही, आणि मग येतं. तिथे हौसाबाईंची रेघ कागदाबाहेर गेली होती! मी तो आलेख तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मी रडत होते.

सुट्या बावीस कानांची सरासरी मात्र दुसऱ्याच मालिकेकडे होती. 'निळा पासपोर्ट', दुबईतला गुप्तहेर, चकचकीत गाड्या. 'पाच एचपी' सुट्या कानांनी खाली ढकलली होती.

"छान," टिपणीस म्हणाले. "दोन्ही एकाच दिवशी दाखवू. सात आठवडे. 'निळा पासपोर्ट' जिंकली तर ते खातं बंद, आणि तुझा विभागही विसर. 'पाच एचपी' जिंकली तर तू म्हणशील तो नियम."

ते सात आठवडे! पहिल्या आठवड्यात 'निळा पासपोर्ट' पाचपट पुढे. मी नखं खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात चौपट. शाहीनचा रोज फोन : "ताई, काय स्कोर?" जणू मॅच चाललीय. तिसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट दिसली : 'निळा पासपोर्ट' लोक एकेकटे बघून संपवत होते आणि गप्प बसत होते. 'पाच एचपी' बघणारा दुसऱ्याला सांगत होता. चौथ्या आठवड्यात रिक्षावाल्यानं मला आरशातून विचारलं, "मॅडम, ती मोटारवाली बघता का?" मी त्याला मीटरपेक्षा जास्त पैसे देऊन उतरले. पाचव्यात बरोबरी. सहाव्या आठवड्यात टिपणीस साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आमच्या सासूबाईंनी काल आम्हाला सगळ्यांना बसवलं," ते म्हणाले. "पाणी आलं तेव्हा... असो." आणि ते निघून गेले. त्यांचे डोळे लाल होते, मी शपथेवर सांगते.

सातव्या आठवड्यात 'पाच एचपी' तिपटीनं पुढे होती. मी शेडमध्ये फोन लावून नुसतं "जिंकलो!" म्हटलं आणि पलीकडून असा कल्ला झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

नियम बदलला. आता एका खात्यात कितीही माणसं बसू शकतात, आणि टीव्ही लावला की पारखी आधी विचारतं, 'आज शेजारी कोण बसलंय?' नव्या विभागाला मी नाव दिलं 'सोबत'. साहेबांनी शेडला मोठा टीव्ही देऊ केला. बायकांनी वाटी फिरवली आणि काळे दाणे टाकून नकार दिला. त्यांची अट एकच होती : खात्यावरचं हौसाक्काचं नाव काढायचं नाही. ते अजून तिथंच आहे.

नव्या नियमाची बातमी घेऊन मी शेडमध्ये गेले, तेव्हा बायकांनी मला निघताना पावशेर बेदाणे बांधून दिले. हिरवे, आणि त्यात मुद्दाम घातलेले थोडे काळे.

त्या रविवारी संध्याकाळी मी आईच्या खोलीत गेले आणि तिच्या पलंगावर बसले. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "काय गं, तुझा टीव्ही बिघडला?"

"नाही. शेजारी बसायला आलेय." मी मधे वाटी ठेवली, तिला कायदा सांगितला आणि विचारलं, "या आठवड्यात जास्त वाईट दिवस कुणाचा गेला?"

आईनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "माझा. गुरुवारी कुलकर्णीबाई गेल्या. टपालात आम्ही तीस वर्षं शेजारी बसायचो. स्मशानात जाऊन आले. तुझा भाग चालू होता, म्हणून नाही सांगितलं."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "असू दे. मालिका मी लावणार ना?" आणि तिनं एक राजवाड्यातल्या सुनांची मालिका लावली. पारखीनं खाली लिहिलं : आईला ४० टक्के, केतकीला ११.

कायद्याप्रमाणे मी दोन भाग गप बसले. मग काळा दाणा टाकला.

"काय वाईट आहे त्यात?" आईनं पडदा थांबवला.

"ती सून पायऱ्यांवरून तीन वेळा पडते, आई! एकाच जिन्यावरून!"

"कुलकर्णीबाई पण पडल्या होत्या तशाच," आई म्हणाली आणि हसायला लागली. "ऑफिसच्या जिन्यावरून. हातात मनिऑर्डरीचा गठ्ठा. वर साहेब उभे, आणि ही खाली बसून म्हणते, 'सर, टपाल पोचलं!'" ती हसता हसता रडायला लागली, मी रडता रडता हसायला लागले, आणि ती एकामागून एक सांगत सुटली. कुलकर्णीबाईंचा डबा, कुलकर्णीबाईंचं लग्न जमता जमता राहिलं ते, कुलकर्णीबाईंनी मला लहानपणी तिकिटांचा डिंक चाटायला दिला होता ते. समोर सून जिन्यावर अर्धवट पडलेली, तशीच थांबली होती.

मधेच टीव्ही किणकिणला. आईनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली :

"'तुम्ही दोघी आत्ता जे पाहिलंत ते तुम्हाला फार आवडलेलं दिसतं. आमच्या यादीत ते सापडत नाही. मालिकेचं नाव सांगाल का?'"

आईनं वाटीतला माझा काळा दाणा उचलून तोंडात टाकला, आणि त्याच्या जागी एक हिरवा ठेवला.